शांतवनचा पळता ठेका

शांतवन भालेराव कुणाच्याही घरी गेला की आधी ते घर वाजवून बघतो. चपला काढता काढता चौकटीवर दोन टिचक्या, आत आल्यावर टीपॉयवर चार, आणि पाण्याचा तांब्या हातात दिला की प्यायच्या आधी तांब्यावर एक. मग मान तिरकी करून निकाल देतो, "वला हाय" किंवा "कोरडा हाय." आवाज घुमत राहिला की वस्तू ओली, जागच्या जागी थांबला की कोरडी. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्याच्या लेखी हे दोनच प्रकार.

राहात्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. शांतवन तिथं आला की खताच्या गोण्यांपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं वाजवतो. एकदा त्याने एका गिऱ्हाईकाचं हेल्मेट वाजवलं, आणि तेही गिऱ्हाईकाच्या डोक्यावर असताना. "कोरडं हाय," म्हणाला. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं आणि बियाणं न घेता निघून गेलं. माझ्या लग्नात त्याने आहेर म्हणून पातेलं दिलं, ते दुकानातली सगळी पातेली वाजवून निवडलेलं. आमच्या घरात दूध उतू जाण्यासाठी गेली कित्येक वर्षं तेच पातेलं वापरतात.

त्याची दुसरी खोड म्हणजे एक वाक्य. "मी मागं हाय." फोन ठेवताना, लग्नाला निघताना, कुणाला दवाखान्यात भेटून परतताना, तो हेच म्हणतो. माझे वडील गेले तेव्हा लोक येऊन बरंच काही बोलून गेले, त्यातलं आज काही आठवत नाही. शांतवनने पाठीवर हात ठेवला आणि "मी मागं हाय" एवढंच म्हणाला, ते आठवतं. आता तो खरोखरच मागे असतो ही गोष्ट वेगळी. ग्रुप फोटोत मागे, जेवणाच्या रांगेत मागे, आणि त्याचा नंबर येईपर्यंत बासुंदी संपलेली असते. ड्रम वाजवणारा माणूस स्टेजवर मागेच बसतो, त्यामुळे ही सवय लागली असावी.

तर शांतवन हा श्रीरामपूरच्या एका शाळेत पीटीचा सर आहे आणि आमच्या बँडचा ड्रमर आहे. बँड म्हटलं की आमच्या भागात पहिला प्रश्न येतो, "घोडी तुमची का आमची?" म्हणून सांगून टाकतो, आम्ही वरातीतले नव्हे. आम्ही स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतः वाजवून, बऱ्याचदा स्वतःच ऐकणारे लोक. दत्तू गातो आणि साधी गिटार वाजवतो. अस्लम दुसरी गिटार वाजवतो, जी वाजली की पोरी बघतात ती. माझ्याकडे बेस गिटार आहे, जी वाजतेय हे माझ्याशिवाय फक्त शांतवनला कळतं. आम्ही चौघं नगरच्या कॉलेजात भेटलो, तेव्हा नगरचं अहिल्यानगर व्हायचं होतं. शांतवन मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे आणि हा मिशनच्या बोर्डिंगात राहायचा. तिथल्या जेवणाच्या ताटांवर वाजवायला शिकलो, असं तो सांगतो.

बँडचं नाव 'भारनियमन'. त्या वर्षांत लाईट येणं ही बातमी असायची. ड्रम सोडले तर आमची सगळी वाद्यं विजेवर चालणारी आणि विजेचा भरवसा नाही. एका गॅदरिंगला गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचं 'डीपी जळाली' हे आमचं तेव्हाचं गाजलेलं गाणं ऐन रंगात आलेलं असताना लाईट गेली. दत्तूचं तोंड हलतंय पण आवाज नाही, अस्लमच्या गिटारीची नुसती तार हलतेय, माझं तर काय, आधीही कुणाला ऐकू येत नव्हतं. चालू राहिला तो एकटा शांतवन. तो डोळे मिटून वाजवतो, त्यामुळे लाईट गेलेली त्याला समजली तरी होती का, ही शंका मला आजही आहे. अंधारात तो ठेका धरून बसला. पोरांनी टाळ्या धरल्या. बऱ्याच वेळाने लाईट आली आणि आम्ही तिघं, गाणं चालू असतं तर जिथं पोचलं असतं, बरोब्बर तिथून आत शिरलो. मांडव डोक्यावर घेतला पोरांनी.

तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. लाईट गेली की आम्ही तिघांनी मनातल्या मनात गाणं चालू ठेवायचं, शांतवनने ठेका सोडायचा नाही, आणि लाईट आली की सगळ्यांनी एकदम शिरायचं. पुढे पुढे लोक लाईट जायची वाट बघायला लागले. एका गावात ती शेवटपर्यंत गेलीच नाही तेव्हा सरपंचांनी ती घालवायला डीपीवर माणूस पाठवायची तयारी दाखवली होती.

आता शांतवनचा दोष सांगतो, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर उभी आहे. त्याचा ठेका पळतो. गाणं सुरू होतं त्या चालीत ते कधी संपत नाही, संपेपर्यंत चांगलं धावायला लागलेलं असतं. आमचं 'उसाचा ट्रॅक्टर' नावाचं गाणं आहे. अरुंद रस्ता, पुढे डबल ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर, मागे आपण, आणि ओव्हरटेकला जागा नाही, असं एकदम संथ गाणं. शांतवनच्या हातात पडलं की ट्रॅक्टर पहिल्या कडव्यात उसाने भरलेला असतो आणि शेवटच्या कडव्यात मोकळा पळत असतो. दत्तूला शब्द उच्चारायला वेळ मिळत नाही. मग तो गाता गाता माझ्याकडे वळून डोळे मोठे करतो. त्याचा अर्थ, "सुऱ्या, धर त्याला." बेसवाल्याचं काम हेच, ड्रमवाल्याला लगाम घालायचा. माझी सगळी तरुण वर्षं शांतवनला मागे ओढण्यात गेली. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मी कुठं पळतोय? तुमीच मागं ऱ्हाता."

बँड मोडला, असं म्हणता येणार नाही. भांडण झालं असतं तर सांगायला तरी काही राहिलं असतं. दत्तू शेती बघायला घरी आला, अस्लम शिर्डीच्या एका लॉजवर मॅनेजर झाला, मी दुकान टाकलं, शांतवनला नोकरी लागली. पुढच्या रविवारी भेटू असं ठरलं आणि तो रविवार आलाच नाही. एकमेकांच्या लग्नाला, बारशाला, मातीला जात राहिलो. गाण्याचा विषय निघाला की सगळे जण दुसरीकडे बघायचे.

मग दत्तूची मुलगी तन्वी पुण्याहून साऊंडचं शिक्षण घेऊन आली. तिने माळ्यावरून आमच्या जुन्या कॅसेटी काढल्या, साफ केल्या आणि इंटरनेटवर टाकल्या. आम्हाला वाटलं, पोरीची हौस. पण कुठकुठल्या पोरांनी त्या ऐकल्या. 'डीपी जळाली'वर एका पोराने महावितरणच्या खांबाला टेकून व्हिडिओ केला, तो माझ्याच गिऱ्हाईकांनी मला आणून दाखवला. "शेठ, ह्यो तुमीच का?" म्हणून विचारलं. मी व्हय म्हटलं. त्या दिवशी मी चार वेळा आरशात बघितलं.

तन्वीने फर्मान काढलं. "नवा अल्बम करा. जुनी राहिलेली गाणी आणि नवीन. रेकॉर्डिंग मी करते."

मी शांतवनला फोन केला. पलीकडून आधी टेबल वाजल्याचा आवाज आला, मग तो म्हणाला, "कधी?" दुसरं काही विचारलं नाही.

पहिल्यांदा तन्वीने पुण्यात ओळखीचा स्टुडिओ दाखवला. गुबगुबीत भिंती, काचेची खोली, गार हवा. शांतवनने भिंतीवर टिचकी मारली आणि हात झटकला. "ही मेलेली हाय," म्हणाला. स्टुडिओवाल्याच्या तोंडावर. परतीच्या वाटेवर दत्तूच्या शेतावर चहाला थांबलो, तर शांतवन दिसेना. शोधायला गेलो तेव्हा तो कांद्याच्या चाळीत उभा होता. चाळ म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची लांबट वखार, वारा खेळता राहावा आणि कांदा टिकावा म्हणून बांधलेली. दोन्ही बाजूंना छातीच्या वर कांदा भरलेला, मधून चालायला वाट. शांतवनने एक टाळी वाजवली. आवाज कांद्यात गेला तो परत आला नाही.

"कोरडं," तो अगदी हळू म्हणाला. देवळात बोलतात तसं. "सुऱ्या, हितं बसायचं."

तन्वीला आधी हसू आलं. मग तिने स्वतः एक टाळी वाजवून पाहिली आणि हसायची थांबली. अशा रीतीने आमचा अल्बम कांद्याच्या चाळीत सुरू झाला.

ते दिवस फार छान गेले. मधल्या वाटेत ड्रम, त्यांच्यापुढे आम्ही एका रांगेत, कारण दोघांनी शेजारी उभं राहायला जागाच नव्हती. कुठेतरी आत एखादा कांदा सडलेला असायचा आणि त्याच्या वासाने दत्तूच्या डोळ्यांना पाणी यायचं. ऐकणाऱ्याला वाटेल, काय जीव ओतून गातोय. अस्लमचा फोन मध्येच वाजायचा. "हां जी, रूम है. गरम पानी सुबे पाच से." एका गाण्यात ते तसंच रेकॉर्ड झालं आणि आम्ही ते ठेवलं, कारण सुरात होतं. शांतवनचा ठेका पळायचा तसा पळत होताच, पण कांदा सगळं पोटात घेत होता. चार गाणी झाली. तन्वी खूश, आम्ही खूश.

आणि कांद्याचा भाव वाढला.

दत्तूला आडत्याचा फोन आला तेव्हा तो गात होता. त्याने कडवं पुरं केलं, फोन घेतला, आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या गाडी येतीय." दत्तू आधी शेतकरी आहे आणि मग गायक, हे आम्हाला मान्य होतं. तिसऱ्या दिवशी चाळ झाडून स्वच्छ. शांतवनने टाळी वाजवली, ती दोन्ही भिंतींवर आपटून परत आली. त्याचा चेहरा उतरला. "वली झाली रे," म्हणाला.

जगात कुठल्याही स्टुडिओच्या भिंती मार्केटचा भाव बघून विकल्या गेल्या नसतील. आमच्या गेल्या. पुढची गाणी मोकळ्या चाळीत वाजवली, तर ड्रमचा आवाज असा काही उसळला की बाकी सगळे त्याच्याखाली. त्यात आता ठेक्याचं पळणं लपवायला कांदा नव्हता. तन्वीने कानावरचा हेडफोन काढला आणि बापाला बाजूला घेतलं. अस्लम आणि मीही गेलो.

"पप्पा, ही आणि आधीची गाणी एका अल्बममधली वाटतच नाहीयेत," ती म्हणाली. "आणि शांतवनकाका फार पळतात. त्यांना कानात टिकटिक लावून वाजवा म्हटलं तर ते म्हणाले, कानात घड्याळ घालून कोण जेवतं का. एकच उपाय आहे. सगळ्या गाण्यांचे ड्रम मी कॉम्प्युटरवर बसवते. काकांचे काढून टाकूया."

दत्तूने चपलेने माती उकरली. अस्लम फोनकडे बघत राहिला, जो वाजत नव्हता. मला राग आला, पण कुणावर ते कळेना. पोरगी खोटं बोलत नव्हती. ठेका पळतो हे आम्हीच गेली कित्येक वर्षं हसत हसत सांगत आलो होतो.

"त्याला सांगनार कोन?" अस्लम म्हणाला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. लगाम माझ्या हातात, म्हणून काम माझ्यावर.

रविवारी दुपारी मी श्रीरामपूरला गेलो. घराच्या बाहेर शालिनीवहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला शेजारी बसायला जागा दिली. मागच्या पत्र्याच्या खोलीतून ड्रमचा आवाज येत होता.

"बँड हाय आत," त्या हळूच म्हणाल्या. "मिशनचं देऊळ सुटलं की जेवन, अन् जेवलं की बँड. दर रविवारी. चार वाजल्याशिवाय बाहेर न्हाई येनार."

"कुणाचा बँड?" मी विचारलं.

"तुमचाच की, भावजी."

मी उठून पत्र्याच्या फटीतून पाहिलं. शांतवन डोळे मिटून वाजवत होता. पुढे तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्याच्याकडे पाठ करून, एका ओळीत. मधली जरा पुढे. ती दत्तूची, हे न सांगता कळत होतं. 'उसाचा ट्रॅक्टर' चाललं होतं. शांतवन एकटाच वाजवत होता, पण जिथं दत्तू श्वास घेतो तिथं थांबत होता, आणि अस्लमची गिटार जिथं वर चढते तिथं हात हलका करत होता. मध्येच डोळे न उघडता तो उजवीकडच्या खुर्चीवर ओरडला.

"सुऱ्या, मागं वढू नको."

ती खुर्ची माझी होती. एका पायाला तडा गेलेला आणि सुतळीने बांधलेला.

"किती वर्षं चाललंय हे?" मी वहिनींना विचारलं.

"पोरगा बालवाडीत हुता तवापासनं. आता त्यो पुण्याला नोकरीला हाय." त्यांनी गवारीची शीर ओढून काढली. "आधी मला वाटायचं, येड लागलं का काय. मग सवय झाली. पाव्हणे आले तरी त्या खुर्च्या बाहेर देत न्हाईत. म्हनतात, त्या लोकांच्या हायेत."

या माणसाने एवढ्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं की या रे, वाजवू या. लग्नात भेटला, मयतीला भेटला, माझ्या दुकानात येऊन पंप वाजवून गेला, पण हे बोलला नाही. रविवार येत राहिला आणि तो खुर्च्यांबरोबर वाजवत राहिला. आम्हाला कामं होती.

आणखी एक गोष्ट मला तिथं खटकली. गाणं ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. वाजवणं बरोबर होतं, थांबणं बरोबर होतं, तरी हे आमचं गाणं वाटेना. जरा थंड वाटत होतं. काय ते मला सापडलं नाही.

चारला तो बाहेर आला, मला बघून दचकला, आणि पहिलं काम म्हणजे माझी गाडी वाजवली. "कशाला आल्ता?"

"सहज," मी म्हटलं. "बुधवारी शेवटचं गाणं घेतोय. सगळ्यांनी एकदम वाजवायचं. चुकलं तर चुकलं."

"मी मागं हाय," तो म्हणाला.

परतताना रस्त्यातूनच मी दत्तूला फोन केला. सांगितलं, "काही सांगितलं न्हाई आणि सांगनार न्हाई. बुधवारी 'उसाचा ट्रॅक्टर' एकदा सगळे मिळून वाजवू. मग त्याचे ड्रम काढायचे का ठेवायचे ते तुमी दोघं ठरवा. काढनार असाल तर माझा बेसपन काढा." बेस काढला तरी कुणाला कळणार नाही हे मलाही माहीत होतं, पण धमकी म्हणून बरी वाटली.

बुधवारी मोकळ्या चाळीत उभे राहिलो. पट्ट्यांमधून उन्हाच्या रेघा आमच्या अंगावर पडलेल्या. तन्वी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. शांतवनने काड्या एकमेकींवर आपटून चाल दिली आणि ट्रॅक्टर निघाला. चांगला संथ निघाला. दुसऱ्या कडव्याला त्याने नेहमीप्रमाणे जोर धरला, दत्तूने वळून डोळे मोठे केले, मी ओढायला लागलो, आणि खाट्कन लाईट गेली.

तीन वाद्यं मेली. तन्वी उठायला लागली तर दत्तूने हाताने तिला बसवलं. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, माईक त्याला जोडलेले होते. शांतवनचे डोळे मिटलेलेच. तो वाजवत राहिला.

आम्ही तिघं जागचे हललो नाही. दत्तू ओठातल्या ओठात गात होता, अस्लमची बोटं मुक्या तारांवर फिरत होती, मीही मोजत होतो. ज्या वयात गुडघे दुखतात त्या वयात आम्ही तिघं कांद्याच्या सालींवर उभे राहून मनातल्या मनात गाणं म्हणत होतो. बाहेर बांधावरचे गडी येऊन पट्ट्यांतून आत बघायला लागले. अस्लमचा फोन वाजला आणि त्याने तो आयुष्यात पहिल्यांदा कट केला.

कडवं सरलं, धृपद सरलं, पुढचं कडवं सरलं. मग विहिरीवरची मोटर घरघरली, अँप्लिफायरचे लाल दिवे लागले, आणि आम्ही तिघं एकदम शिरलो. एकाच अक्षरावर. कुणी कुणाकडे पाहिलं नव्हतं. चाळ अशी दणाणली की पत्र्यावरचे कावळे उडाले. बाहेरचा एक गडी "आरं तिच्यायला" म्हणाला, ते रेकॉर्डमध्ये आहे आणि तसंच ठेवलं आहे. ट्रॅक्टर सुसाट सुटला, दत्तू शब्द गिळत हसत होता, आणि गाणं संपलं तेव्हा आम्ही सगळे कोपरगावची एसटी पकडायला पळाल्यासारखे धापा टाकत होतो.

शांतवन पाणी प्यायला बाहेर गेला. तन्वी स्क्रीनकडे बघत बसली होती. बराच वेळ बघत होती.

"सुरेशकाका, इकडे या," ती म्हणाली. "हे बघा. ही उभी रेघ म्हणजे प्रत्येक ठोका. सुरुवातीला अंतर हळूहळू कमी होत चाललंय. म्हणजे काका पळतायत. इथं लाईट गेली. आता बघा."

लाईट गेल्यापासून पुढे सगळ्या रेघा सारख्या अंतरावर होत्या. कुंपणाला खांब रोवावेत तशा. एकही मागेपुढे नाही.

"इथं ते एकटे आहेत," तन्वी म्हणाली. "आणि इथं तुम्ही तिघं आलात."

तिथून पुढे रेघा परत एकमेकींना चिकटत चालल्या होत्या.

त्या पत्र्याच्या खोलीत मला काय खटकलं होतं ते आता सापडलं. खुर्च्यांबरोबर वाजवताना शांतवनचा ठेका पळत नव्हता. त्याला ठेका धरता येत नव्हता असं कधीच नव्हतं. आम्ही बरोबर असलो की त्याला इतका आनंद व्हायचा की हात आवरायचे नाहीत, एवढंच. आणि मी त्याला सगळी वर्षं मागे ओढत होतो.

दत्तूने स्क्रीन पाहिली. अस्लमने पाहिली. तन्वीने नाक ओढलं आणि म्हणाली की चाळीत अजून कांद्याचा वास आहे. ड्रम काढायचा विषय परत कुणी काढला नाही. पहिली चार गाणी कांद्यासकट आणि उरलेली कांद्याशिवाय, असाच अल्बम निघाला. ऐकणारे म्हणतात, मध्यावर कुणीतरी दार उघडल्यासारखं वाटतं. शांतवनला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो सावध होईल आणि नीट वाजवायला लागेल.

गेल्या महिन्यात नगरला आमचा कार्यक्रम झाला. ज्या पोरांनी आम्हाला मोबाईलवर ऐकलं होतं ती राजूरपासून जामखेडपर्यंतची पोरं आली होती. खुर्च्या कमी पडल्या, मग लोकांनी त्या बाजूला रचल्या आणि उभे राहिले. पहिल्या रांगेत शालिनीवहिनी होत्या. शेवटी 'उसाचा ट्रॅक्टर' सुरू झालं. सगळं मैदान गात होतं. दुसऱ्या कडव्यात ठेका उचलला, तसं दत्तूने सवयीने माझ्याकडे वळून डोळे मोठे केले.

मी मागे वळून पाहिलं. शांतवन डोळे मिटून, मान तिरकी करून, तोंडभर हसत वाजवत होता. मी दत्तूकडे बघून मान हलवली, नाही म्हणालो, आणि लगाम सोडून त्याच्याबरोबर पळायला लागलो.